व्याख्यानपीठ आणि पतवंडांचा वांटा

विद्वानांनीं विद्यालयाच्या भिंतींआड जें ज्ञान मिळवावें, तें भिंतींबाहेरच्या लोकांस समजेल अशा भाषेंत सांगावें कीं नाहीं, हा वाद जुना आहे. शास्त्र सोपें करून सांगितलें म्हणजे तें पातळ होतें, अशी कित्येक पंडितांची समजूत असते. आणि व्याख्यान ऐकून घटकाभर करमणूक होते, पण हातीं कांहीं लागत नाहीं, अशी कित्येक गृहस्थांची तक्रार असते. या दोन्ही आक्षेपांस आमच्या मतें एकच उत्तर आहे. ज्या प्रश्नाचा निकाल अखेर सर्व लोकांच्या खिशांतून आणि सर्व लोकांच्या अंगणांत लागावयाचा, तो प्रश्न थोड्या पंडितांच्या हवालीं करून स्वस्थ बसणें समाजास परवडत नाहीं. हवामानांतील पालट हा असा प्रश्न आहे.

पुण्यास १८७५ सालीं न्यायमूर्ति माधवराव रानडे यांनीं वसंत व्याख्यानमाला सुरू केली, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. परंतु त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनीं, १८७८ सालीं, स्वीडन देशाच्या राजधानींत, स्टॉकहोम शहरीं, याच जातीचा एक उपक्रम सुरू झाला, हें थोड्यांस ठाऊक असेल. तेथें एक उच्च विद्यालय निघालें, आणि त्याचा आरंभ परीक्षांनीं किंवा पदव्यांनीं न होतां सृष्टिशास्त्रावरील सार्वजनिक व्याख्यानांनीं झाला. ज्याला जिज्ञासा असेल त्यानें यावें आणि ऐकावें. याच विद्यालयांत सोन्या कोवालेव्हस्काया या रशियन विदुषीनें गणित शिकविलें, आणि १८८९ सालीं ती तेथें कायमची प्राध्यापक झाली. स्त्रियांस विद्यार्थिनी म्हणून प्रवेश मिळण्याचीच जेव्हां मारामार होती, तेव्हांची ही गोष्ट आहे. १९६० सालीं या विद्यालयाचें विद्यापीठ झालें. हवामानाच्या प्रश्नाचीं तिन्ही अंगें, म्हणजे शास्त्र, राजनीति आणि अर्थकारण, या एकाच संस्थेच्या व्यासपीठाशीं निगडित झालेलीं आहेत. म्हणून तिची हकीकत सांगत सांगत आम्ही या महिन्यांत आपल्या घरच्याच एका प्रश्नापर्यंत येणार आहों.

पहिलें अंग शास्त्राचें. स्वान्ते आऱ्हेनियस हे गृहस्थ १८९५ सालीं या विद्यालयांत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले. पृथ्वीवर हिमयुगें कां आलीं व कां गेलीं, हें कोडें त्या काळीं भूगर्भशास्त्रज्ञांस पडलेलें होतें. सूर्याचा प्रकाश हवेंतून बराचसा बिनअडथळा खालीं येतो आणि जमीन तापते. तापलेली जमीन ती उष्णता परत बाहेर टाकते, पण ती डोळ्यांस न दिसणाऱ्या किरणांच्या रूपानें. हवेंतील नत्रवायु आणि प्राणवायु या किरणांस वाट देतात. पाण्याची वाफ आणि कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे आपल्या आजोबांच्या क्रमिक पुस्तकांतला कर्बाम्ल वायु, हे मात्र त्यांस अडवितात. ही गोष्ट जॉन टिंडल यांनीं १८५९ सालीं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें प्रयोगानें सिद्ध केली, आणि ती श्रोत्यांसमोर करून दाखविली. गोधडी स्वतः उष्णता उत्पन्न करीत नाहीं. अंगची उष्णता ती बाहेर जाऊं देत नाहीं. या वायूचें काम थोडेंफार तसेंच आहे.

आऱ्हेनियस यांनीं प्रश्न असा घातला कीं, ही गोधडी जाड किंवा पातळ केली तर किती फरक पडेल? गणकयंत्रें नव्हतीं. कागद आणि लेखणी घेऊन त्यांनीं निरनिराळ्या अक्षांशांसाठीं आणि निरनिराळ्या ऋतूंसाठीं महिनेच्या महिने आंकडेमोड केली, आणि तिचा निष्कर्ष १८९६ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध केला. वायूचें प्रमाण दुप्पट झालें तर पृथ्वीचें उष्णमान पांच ते सहा अंशांनीं वाढेल, असें त्यांचें गणित होतें. २०२१ सालीं जगांतील शास्त्रज्ञांच्या मंडळानें, प्रचंड गणकयंत्रांच्या साह्यानें, याच प्रश्नाचें उत्तर सुमारें तीन अंश, आणि बहुधा अडीच ते चार यांच्या दरम्यान, असें दिलें. लेखणीनें काढलेला आंकडा चढा निघाला. परंतु सव्वाशें वर्षांत त्याची दिशा कोणास खोडून काढतां आली नाहीं. हवामानाचें शास्त्र हें कालपरवांचें खूळ आहे, असें म्हणणाऱ्यांनीं हें साल ध्यानांत ठेवावें.

आऱ्हेनियस चुकले ते काळाच्या अंदाजांत. त्या वेळीं जगांत वर्षाकाठीं सुमारें ५० कोटि टन कोळसा जळत असे. त्या गतीनें वायु दुप्पट होण्यास हजारों वर्षें लागतील, असें त्यांस वाटलें. आज जगांत दरवर्षीं ८०० कोटि टनांहून अधिक कोळसा जळतो, आणि तेल व नैसर्गिक वायु हे त्याखेरीज. कारखान्यांच्या युगापूर्वीं हवेच्या दर दहा लाख भागांत हा वायु सुमारें २८० भाग होता. १९५८ सालीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनीं नित्याची मोजणी सुरू केली तेव्हां तो ३१५ च्या आसपास होता, आणि २०२४ सालची तेथील सरासरी ४२४ च्या घरांत गेली. म्हणजे दुपटीचा अर्धा पल्ला आपण ओलांडला आहे.

दुसरी एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. हवा थोडी उबदार झाली तर तें बरेंच होईल, असें आऱ्हेनियस यांचें मत होतें, आणि पुढें एका लोकप्रिय पुस्तकांत त्यांनीं तें लिहिलेंहि. वर्षांतील कित्येक महिने बर्फांत काढणाऱ्या देशांतील माणसास असें वाटलें तर त्यांत नवल तें काय? परंतु स्टॉकहोमची ऊब ती चंद्रपूर-नागपूरची होळी होते. शास्त्रज्ञाचें गणित देशकालनिरपेक्ष असेल. त्या गणिताच्या उत्तरास सुख म्हणावयाचें कीं संकट, हें मात्र ऐकणारा कोठें बसला आहे यावर ठरतें. म्हणूनच व्याख्यान जितकें वक्त्याचें तितकेंच श्रोत्याचें असावें लागतें.

दुसरें अंग राजनीतीचें. याच विद्यापीठांत बर्ट बोलिन हे १९६१ ते १९९० पर्यंत हवामानशास्त्राचे प्राध्यापक होते. समुद्र एवढा अफाट आहे, तो हा सारा वायु गिळून टाकील, अशी पूर्वीं समजूत होती. समुद्राचा वरचा थर हा वायु घेतो खरा, पण थोड्याच वेळांत तृप्त होतो, आणि वरचें पाणी खोल पाण्यांत मिसळण्यास शतकें लागतात, हें ज्या थोड्या शास्त्रज्ञांनीं गेल्या शतकाच्या मध्यास गणितानें दाखविलें, त्यांत बोलिन हे एक. १९८८ सालीं राष्ट्रसंघाच्या दोन संस्थांनीं मिळून हवामानविषयक आंतरशासकीय मंडळ, म्हणजे वर्तमानपत्रांतून दिसणारें 'आयपीसीसी', स्थापन केलें, तेव्हां त्याचे पहिले अध्यक्ष बोलिन झाले, आणि १९९७ पर्यंत त्यांनीं तें काम पाहिलें.

या मंडळाची पद्धति समजून घेण्यासारखी आहे. तें स्वतः प्रयोग करीत नाहीं. जगभर प्रसिद्ध झालेल्या हजारों निबंधांचें परीक्षण करून तें अहवाल तयार करतें, आणि त्या अहवालाचा जो सारांश राज्यकर्त्यांसाठीं असतो, त्याची ओळ न् ओळ सर्व सरकारांच्या प्रतिनिधींसमोर वाचून संमत करून घ्यावी लागते. मोठ्या एकत्र कुटुंबांत वाटणीपत्राचा मसुदा तयार होत असतां जें होतें, तेंच येथें होतें. एक भाऊ एका शब्दावर अडून बसतो, दुसरा दुसऱ्या शब्दावर. रात्रीच्या रात्री जातात. आणि शेवटीं जो कागद तयार होतो तो भाषेनें मवाळ असतो, परंतु त्यावर सर्वांच्या सह्या असल्यामुळें उद्यां कोणास 'हें आम्हांस मान्य नव्हतें' असें म्हणतां येत नाहीं. या अहवालांत अतिशयोक्ति असते असें म्हणणारास आम्ही इतकेंच सांगूं कीं, तेल विकणारीं राष्ट्रेंहि त्या सारांशास संमति देणाऱ्यांत बसलेलीं असतात. २००७ सालीं या मंडळास शांततेच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत बोलिन वारले. त्यांच्या नांवें स्टॉकहोमच्या विद्यापीठांत हवामानावर सार्वजनिक व्याख्यान होत असतें.

याच शहराचा आणि हिंदुस्थानचा या प्रकरणीं एक जुना संबंध आहे. १९७२ च्या जूनमध्यें पर्यावरणावरील पहिली मोठी राष्ट्रसंघीय परिषद स्टॉकहोम येथें भरली. यजमान देशाचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांच्याखेरीज बाहेरच्या एकाच देशाच्या पंतप्रधान तेथें जातीनें हजर राहिल्या. त्या इंदिरा गांधी. दारिद्र्य आणि गरज हींच सर्वांत मोठीं दूषणें नव्हेत काय, अशा आशयाचा प्रश्न त्यांनीं त्या सभेस विचारला. तो प्रश्न अजून मिटलेला नाहीं. आज हिंदुस्थानांत दर माणशीं वर्षाकाठीं सुमारें दोन टन कर्बाम्ल वायु बाहेर पडतो. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर आहे, आणि अमेरिकेची चौदा टनांच्या आसपास. आजवर हवेंत सांचलेल्या वायूचा हिशेब केला तर जवळजवळ चतुर्थांश एकट्या अमेरिकेचा आहे, आणि आपला तीन-चार टक्के. १९९१ सालीं दिल्लीचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनीं असें मांडलें कीं, शेतकऱ्याच्या भातखाचरांतून निघणारा वायु आणि श्रीमंताच्या मोटारींतून निघणारा वायु यांस एकाच मापानें मोजणें हा अन्याय आहे. एक पोटासाठीं आहे, दुसरा चैनीसाठीं. हा भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. त्याचें काम पुढें पडणार आहे.

तिसरें अंग अर्थकारणाचें, आणि आमच्या मतें खरा पेंच येथेंच आहे. २०१८ च्या ऑक्टोबरची ८ तारीख. त्या दिवशीं दोन बातम्या एकदम आल्या. आयपीसीसीनें असा अहवाल प्रसिद्ध केला कीं, उष्णमानाची वाढ दीड अंशावर थोपविली तर दोन अंशांच्या मानानें पुष्कळ हानि टळेल, परंतु त्यासाठीं फार जलद पावलें उचललीं पाहिजेत. आणि त्याच दिवशीं स्टॉकहोमहून जाहीर झालें कीं, अर्थशास्त्राचें पारितोषिक येल विद्यापीठाचे विल्यम नॉर्डहाऊस यांस, पॉल रोमर यांच्याबरोबर विभागून, मिळालें आहे. पुढें ८ डिसेंबर रोजीं स्टॉकहोम विद्यापीठाच्या मोठ्या सभागृहांत नॉर्डहाऊस यांचें जाहीर व्याख्यान झालें. त्यांत त्यांनीं हवामानाच्या प्रश्नास अर्थशास्त्रापुढील सर्वांत मोठें आव्हान म्हटलें. तथापि त्यांच्या गणितांत खर्च आणि फायदा यांचा सर्वांत किफायतशीर मेळ ज्या मार्गानें बसतो, त्या मार्गानें गेल्यास शतकाच्या अखेरीस उष्णमानाची वाढ तीन अंशांहून अधिक होते. एकीकडे शास्त्रज्ञ दीड अंश म्हणतात, दुसरीकडे अर्थशास्त्रज्ञाचा हिशेब तीनाच्या पलीकडे जातो. सामान्य श्रोत्यानें काय समजावें?

नॉर्डहाऊस हे हवामानाचा प्रश्न खोटा मानणारे नव्हेत, हें आधीं स्पष्ट केलें पाहिजे. उलट कर्बाम्ल वायूवर कर बसवावा, हें ते गेलीं चाळीसहून अधिक वर्षें सांगत आले आहेत. आपल्या चुलीचा धूर शेजाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि त्याबद्दल आपणांस छदामहि द्यावा लागत नाहीं. म्हणून आपण चूल हवी तशी पेटवितों. धुराची किंमत लांकडाच्या किंमतींत घातली म्हणजे प्रत्येक जण आपोआप हात आवरील. हा विचार साधा आणि बिनतोड आहे. पेंच पडतो तो व्याजाच्या दरांत.

आज शंभर रुपये खर्च करावयाचे, आणि त्याचें फळ शंभर वर्षांनीं जन्मणाऱ्यांस मिळावयाचें. तेव्हांच्या शंभर रुपयांच्या हानीची आजची किंमत किती धरावी? व्यापारी म्हणेल, व्याजानें भागावें. पांच टक्के दर धरला तर शंभर वर्षांनंतरच्या शंभर रुपयांची आजची किंमत सुमारें शहात्तर पैसे येते. २००६ सालीं इंग्लंडच्या सरकारसाठीं निकोलस स्टर्न यांनीं जो प्रसिद्ध अहवाल लिहिला, त्यांत दर सुमारें १.४ टक्के धरला होता. त्या दरानें तीच किंमत जवळजवळ पंचवीस रुपये येते. समुद्र तोच, वायु तोच, शास्त्र तेंच. पण एका दरानें पतवंडाचें दुःख पाऊण रुपयाचें ठरतें आणि दुसऱ्या दरानें पंचवीस रुपयांचें. स्टर्न यांनीं ताबडतोब आणि जोराचे उपाय सुचविले, नॉर्डहाऊस यांनीं हळूहळू चढता कर सुचविला, या मतभेदाचें एक प्रधान कारण हा दर आहे. नॉर्डहाऊस यांनीं पुढें स्टर्न यांच्या दरावर कडक टीका केली, आणि स्टर्न यांनींहि आपल्या व्याख्यानांतून त्यास उत्तर दिलें.

स्टर्न यांचें म्हणणें असें कीं, मनुष्य केवळ नंतर जन्मला म्हणून त्याचें सुखदुःख कमी तोलाचें मानण्यास नीतीचा आधार नाहीं. नॉर्डहाऊस यांचें म्हणणें असें कीं, बाजारांत भांडवलास जो परतावा मिळतो तो विसरून चालत नाहीं. तोच पैसा शाळांत, रस्त्यांत, दवाखान्यांत घातला तर पुढची पिढी अधिक श्रीमंत होईल, आणि श्रीमंत झालेल्या नातवासाठीं गरीब आजोबानें उपाशी कां राहावें? हा दुसरा युक्तिवाद हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. आपल्यासारख्या देशांत तर मुळींच नाहीं. ज्या घरांत आज दिवा नाहीं, त्या घरास शंभर वर्षांनंतरची गोष्ट सांगणें निष्ठुरपणाचें आहे.

हा वाद नवा असला तरी त्याचें मूळ आपल्या घरांत फार जुनें आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारीं विज्ञानेश्वरानें याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली, आणि महाराष्ट्राचा दायविभाग शतकानुशतकें तिच्यावर चालत आला. तिचें मुख्य तत्त्व असें कीं, वडिलोपार्जित इस्टेटींत मुलाचा हक्क जन्मतःच उत्पन्न होतो. तो बापाच्या मर्जीवर किंवा मरणावर अवलंबून नसतो. बंगालच्या दायभागांत मात्र बापाचे डोळे मिटेपर्यंत मुलास हक्क नाहीं. मिताक्षरेनें गर्भांत असलेल्या आणि अजून न जन्मलेल्या वंशजांच्याहि पोटापाण्याचा विचार केला, आणि म्हणून स्थावराच्या विक्रीवर कर्त्याचे हात बांधले. मुलींस हा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रांत १९९४ सालच्या आणि साऱ्या देशांत २००५ सालच्या कायद्यानें मिळाला; तो आधीं मिळावयास हवा होता, पण तत्त्व त्यामुळें पूर्ण झालें.

आतां पाहा. हवा, पाऊस, हिमालयाचें बर्फ, कोंकणचा किनारा, हें आपल्यापैकीं कोणीं मिळविलें आहे? तें शुद्ध वडिलोपार्जित आहे. त्यावर पतवंडांचा जो वांटा आहे, तो आपण त्यांस देणगी म्हणून देत नाहीं. तो त्यांचा हक्काचा आहे. देणगीच्या रकमेस व्याजाचा हिशेब लावणें शोभतें. दुसऱ्याच्या वांट्याची जमीन विकून 'तुझ्या शंभर रुपयांची आजची किंमत पाऊण रुपया होते, तो घे' असें सांगणाऱ्या कर्त्यास कोणत्या न्यायालयानें सोडलें असतें?

परंतु मिताक्षरा केवळ हात बांधून थांबत नाहीं, हा तिचा मोठा शहाणपणा. आपत्ति आली असतां, कुटुंबाच्या पोषणासाठीं, आणि अवश्य धर्मकृत्यासाठीं, कर्त्यास इस्टेट गहाण टाकण्याची किंवा विकण्याची मोकळीक आहे. कर्ज चैनीसाठीं काढलें कीं गरजेसाठीं, याची चौकशी पूर्वीं सावकारासहि करावी लागे. नॉर्डहाऊस यांच्या आक्षेपास, आणि इंदिरा गांधींच्या प्रश्नासहि, आमच्या मतें येथें उत्तर सांपडतें. खेड्यांत दिवा लावण्यासाठीं, दवाखाना चालविण्यासाठीं जो कोळसा जळतो, तें कुटुंबपोषणाचें कर्ज आहे. त्याबद्दल पतवंड आपणांस बोल लावणार नाहीं. थाटासाठीं जें जळतें, तें त्याच्या वांट्यांतून केलेलें अपहरण आहे. अग्रवाल-नारायण यांनीं राष्ट्राराष्ट्रांत जो भेद केला, तोच घराघरांतहि लागू पडतो.

आणि येथें आमच्या वाचकांस थोडें अप्रिय बोलणें भाग आहे. दोन टनांची सरासरी ही सर्व देशाची आहे. आपल्यासारख्या सुशिक्षित घरांची नव्हे. ती सरासरी लहान दिसते याचें कारण, कोट्यवधि घरांत फारसें कांहीं जळतच नाहीं. खोलीखोलीला थंड हवेचें यंत्र, दारांत दोन मोटारी, आणि परदेशीं असलेल्या मुलांकडे वर्षाआड विमानानें जाणेंयेणें, अशा घरांनीं गरिबाच्या सरासरीच्या आड लपूं नये. मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन परत आलें तर एका प्रवाशाच्या नांवें जो वायु पडतो, तो एका हिंदी माणसाच्या वर्षाच्या सरासरीच्या जवळपास जातो. मुलांनातवंडांस भेटूं नये, असें आम्ही म्हणत नाहीं; तें कोण म्हणेल? हिशेबाच्या वहींत तें कोणत्या सदराखालीं लिहावयाचें, एवढें प्रत्येक कर्त्यानें प्रामाणिकपणें ठरवावें.

हिशेबांतील आणखी एक खोंच सांगितली पाहिजे. हानि रुपयांत मोजली म्हणजे गरिबाची हानि नेहमींच लहान दिसते. बंगला वाहून गेला तर कोटींत आंकडा जातो. झोंपडी वाहून गेली तर हजारांत. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील शास्त्रज्ञांच्या पुढाकारानें २०२० सालीं केंद्र सरकारचा जो अहवाल निघाला, त्यांत असें नमूद आहे कीं, १९०१ ते २०१८ या काळांत देशाचें सरासरी उष्णमान सुमारें ०.७ अंशानें वाढलें. १९५१ ते २०१५ या काळांत नैर्ऋत्य मोसमी पाऊस एकंदरींत सुमारें सहा टक्क्यांनीं घटला, आणि ही घट गंगेच्या मैदानांत व सह्याद्रीच्या रांगांत विशेष दिसली. पण त्याच सुमारास मध्य हिंदुस्थानांत एका दिवसांत दीडशें मिलिमीटरहून अधिक कोसळणाऱ्या पावसाचे प्रसंग सुमारें पाऊणपटीनें वाढले. म्हणजे हवा तेव्हां नाहीं आणि नको तेव्हां धो धो, ही जी शेतकऱ्याची ओरड आपण ऐकतों, तिला मोजमापाचा आधार आहे. या हानीचा मोठा भाग ज्यांच्या अंगावर पडतो, त्यांचीं नांवें किफायतशीर मार्गाच्या आलेखावर दिसत नाहींत.

मग उपाय चालतात कीं नाहीं? याचेंहि एक उदाहरण स्वीडननेंच घालून दिलें आहे. १९९१ सालीं त्या देशानें कर्बाम्ल वायूवर कर बसविला. आरंभीं तो हलका होता. पुढें वाढवीत वाढवीत टनामागें शंभर युरोंच्या पलीकडे नेला. दुसऱ्या करांत सूट दिल्यामुळें लोकांनीं तो सोसला. १९९० पासून त्या देशाच्या भूमीवरून निघणारा वायु सुमारें एक-तृतीयांशानें कमी झाला, आणि त्याच काळांत देशाची संपत्ति पुष्कळ वाढली. अर्थात् स्वीडनची वस्ती अवघी एक कोटि, पाणी आणि जंगलें मुबलक, वीज बहुतेक जलप्रपातांची आणि अणुशक्तीची. शिवाय बाहेरून आणलेल्या मालाचा धूर त्याच्या खात्यांत पडत नाहीं. त्याची नक्कल आपणांस जशीच्या तशी करतां येणार नाहीं. तरी करानें देश बुडतो, ही भीति खोटी ठरली. आतां युरोपानें परक्या पोलादावर आणि सिमेंटावरहि धुराचा हिशेब मागण्यास २०२३ च्या ऑक्टोबरपासून आरंभ केला आहे. हा कर न्यायाचा कीं श्रीमंतांनीं शिडी चढून शिडी काढून घेण्याचा, यावर आपल्या विद्यापीठांतून कडाक्याच्या चर्चा झाल्या पाहिजेत. हिंदुस्थान सरकारनें २०२१ सालीं ग्लासगो येथें जाहीर केलें कीं, २०७० पर्यंत आपला हिशेब शून्यावर आणूं. आज पाळण्यांत असलेलें मूल तेव्हां पन्नाशीच्या सुमारास असेल. तें वचन त्याच्या नांवानें दिलेलें आहे. तें कसें पाळावयाचें, हें त्याच्या आईबापांस समजलें पाहिजे.

म्हणून आमची सूचना अशी आहे. आपल्या विद्यापीठांनीं आणि जुन्या व्याख्यानमालांनीं हवामानावर एकेकटें व्याख्यान न ठेवतां तीन दिवसांचें सत्र ठेवावें, आणि तें मराठींत ठेवावें. पहिल्या दिवशीं शास्त्रज्ञानें बोलावें, दुसऱ्या दिवशीं अर्थशास्त्रज्ञानें, तिसऱ्या दिवशीं राज्यकारभार जाणणाऱ्यानें. आणि प्रत्येक दिवशीं उरलेल्या दोघांनीं समोर बसून ऐकावें. एकट्या शास्त्रज्ञाचें व्याख्यान ऐकून माणूस घाबरून घरीं येतो, एकट्या अर्थशास्त्रज्ञाचें ऐकून निर्धास्त होतो, आणि एकट्या मुत्सद्याचें ऐकून दुसऱ्या देशास शिव्या देतो. तिघे एकत्र आले म्हणजेच एकाचें झांकलेलें दुसऱ्यास उघडें करतां येतें.

श्रोत्यांनींहि रिकाम्या हातीं जाऊं नये. शास्त्रज्ञास विचारावें कीं, आपला अंदाज कोणत्या मर्यादांच्या दरम्यान आहे, आणि त्यांतील वाईट टोंक खरें ठरण्याचा संभव किती? घरास आग लागण्याचा संभव थोडा असला तरी आपण विम्याचा हप्ता भरतोंच. अर्थशास्त्रज्ञास विचारावें कीं, व्याजाचा दर कोणता धरला, आणि गरिबाचा रुपया व श्रीमंताचा रुपया एकाच तोलाचे मानले काय? मुत्सद्यास विचारावें कीं, पहिला हप्ता कोण देणार, आणि ज्याचें कोळशावर पोट आहे त्या चंद्रपूरच्या खाणकामगाराची तजवीज कोणती? या प्रश्नांचीं सरळ उत्तरें मिळालीं तर व्याख्यान सार्थकीं लागलें असें समजावें. न मिळालीं तर तेंहि एक उत्तरच आहे.

असो. घरोघरीं दिवाळीपूर्वीं जमाखर्च पाहण्याची चाल अजून आहे. त्या दिवशीं विजेचें बिल, पेट्रोलचा खर्च आणि प्रवासाचा खर्च, हे तीन आंकडे मुलांदेखत वाचून दाखवावे, आणि त्यांतील कोणता गरजेचा व कोणता हौसेचा, हें मुलांनाच विचारावें. वांटा त्यांचा आहे. हिशेब तपासण्याचा अधिकारहि त्यांचाच आहे.